एक हजेरी चौकी, दोन मस्टर

आपल्या वस्तीतला एखादा मुलगा 'महापालिकेत लागला' असे कळले की आता लगेच दुसरा प्रश्न येतो: कायम की कंत्राटी? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी फारसा विचारत नव्हते. आज लग्नाच्या बैठकीतही तो विचारला जातो, कारण उत्तरावर पगार, घर, म्हातारपण असे सगळेच ठरते.

महापालिका, नगरपरिषद, सरकारी दवाखाना, तहसील कार्यालय, कुठेही पाहा. एकाच खोलीत दोन प्रकारची माणसे काम करतात. एकाला शासनाचा पगार आहे, वेतनश्रेणी आहे, रजा आहे. दुसऱ्याला 'एजन्सी'चा पगार आहे, तोही महिना उलटून गेल्यावर. झाडू एकच, रस्ता एकच, संगणक एकच, साहेबही एकच. मस्टर मात्र दोन. या दोन मस्टरांमधून कोणते नैतिक प्रश्न उभे राहतात आणि कायदा त्याबद्दल काय म्हणतो, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवे. मोर्चात घोषणा देण्यासाठी एवढी माहिती लागत नाही, पण तक्रार अर्ज लिहायला बसले की ती लागते.

आधी कायद्याची रचना पाहू. कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली 'कंत्राटी कामगार (नियमन आणि निर्मूलन) कायदा' झाला. नावातला 'निर्मूलन' हा शब्द लक्षात ठेवा. जे काम कायमस्वरूपी, रोजचे आणि आस्थापनेसाठी आवश्यक आहे, ते कंत्राटावर देण्यास सरकारने बंदी घालावी, अशी सोय कलम १० मध्ये होती. या कायद्यात दोन मालक मानलेले आहेत. एक कंत्राटदार. दुसरा 'मूळ नियोक्ता', म्हणजे ज्याचे काम आहे तो: महापालिका, शासन, मंडळ. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर येते. इतकेच नव्हे, पगारवाटप होताना मूळ नियोक्त्याचा प्रतिनिधी हजर असावा, असेही हा कायदा सांगत होता. 'पगाराचे आम्हाला विचारू नका, ठेकेदाराला विचारा' हे वाक्य अधिकाऱ्याच्या तोंडी आपण किती वेळा ऐकले आहे! ते वाक्य कायद्याला धरून नाही.

हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू केल्याचे जाहीर केले. मूळ नियोक्त्याची पगाराची जबाबदारी नव्या संहितेतही कायम आहे. पण एक बदल आपल्या लोकांना थेट लागणारा आहे. संहिता 'मुख्य कामा'त कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई करते. मात्र झाडलोट, सफाई, कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट ही कामे मुख्य काम धरली जात नाहीत, जर ती आस्थापना त्याच कामासाठी उभी केलेली नसेल. आता महापालिका नेमकी कशासाठी असते? शहर स्वच्छ ठेवणे हे तिच्या पायाभूत कर्तव्यांपैकी एक आहे. माझ्या मते नगरपालिकांच्या बाबतीत ही पळवाट चालू नये. पण यावर पुढे वाद होणार हे उघड आहे, आणि त्या वादात कोणाची माणसे अडकणार हेही उघड आहे. सफाईच्या कामात आजही बौद्ध, मातंग, मेघवाळ, वाल्मीकी, रुखी समाजाचीच माणसे जास्त आहेत.

मुंबई महापालिकेचे उदाहरण या विषयात सगळ्यात बोलके आहे. शहराच्या कचऱ्याचे काम कंत्राटदारांकडे गेले. जुना कायदा २० किंवा अधिक कामगार असलेल्या कंत्राटांना लागू होता, म्हणून कंत्राटे त्याहून लहान ठेवायची युक्ती निघाली. झोपडपट्टीतल्या सफाईसाठी तर 'दत्तक वस्ती योजना' आणि पुढे 'स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान' आले. त्यात झाडू मारणारा माणूस कामगार राहिलाच नाही, तो 'स्वयंसेवक' झाला. त्याला पगार नाही, 'मानधन' मिळू लागले. शब्द बदलला की किमान वेतनही गेले! कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कामगारांचा लढा औद्योगिक न्यायाधिकरणात नेला. हे कंत्राट केवळ कागदावरचे आहे, खरा मालक महापालिकाच आहे, हा त्यांचा मुद्दा होता. २०१४ मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने लागला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्यानंतरही अनेकांना थांबावे लागले, कारण कागदपत्रांतल्या नावांची अक्षरे जुळत नव्हती.

न्यायालयांनी या विषयात वेळोवेळी वेगवेगळी भूमिका घेतली आहे. २००१ च्या 'सेल' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंत्राट पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत. पण कंत्राट बनावट, दिखाऊ असेल तर कामगार मूळ नियोक्त्याचेच मानले जातील. २००६ च्या उमादेवी निकालाने नियमबाह्य नेमणुका कायम करण्याचा रस्ता अरुंद केला, आणि तेव्हापासून प्रत्येक अर्जाच्या उत्तरात 'उमादेवी' दाखवण्याची प्रशासनाला सवय लागली. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्यायालयाने याच सवयीवर बोट ठेवले. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना काढून ते काम बाहेरच्या एजन्सीला देण्यात आले होते. न्यायालयाने त्यांना सेवेत घेऊन नियमित करण्याचा आदेश दिला. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, हे २०१६ च्या जगजित सिंग निकालात आले होते. राज्यघटनेच्या कलम ३९ (घ) मध्ये तर ते सुरुवातीपासूनच आहे.

आरक्षणाचे काय होते?

शासन जेव्हा पद भरते तेव्हा बिंदुनामावली असते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के. शासन जेव्हा 'मनुष्यबळ पुरवठा' विकत घेते तेव्हा पदच उरत नाही. जी गोष्ट फिनाइल आणि खडूसारखी निविदेतून येते तिला रोस्टर कुठून असणार? केंद्राच्या नियमांत ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकीतही आरक्षण ठेवण्याची सूचना आहे. पण ते शासन स्वतः नेमणूक करते तेव्हा. मध्ये एजन्सी आली की नेमणूक 'खासगी' होऊन बसते.

१९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला. दीर्घ लढ्यानंतर मिळालेला हा हक्क वापरायची वेळ आली आणि १९९१ नंतर सरकारी नोकरभरतीच आक्रसत गेली. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ ला नऊ एजन्सींमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला तेव्हा तरुण रस्त्यावर आले, आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तो विजय खराच होता. पण खाली, नगरपरिषदेच्या पातळीवर, दरवर्षीच्या निविदा निघतच आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. आरक्षण मोठ्या निर्णयाने जाते तेव्हा आपण जागे होतो, किरकोळ निविदांनी जाते तेव्हा नाही.

चौकीच्या आतले प्रश्न

आता जरा अवघड भागाकडे येऊ. शासन आणि ठेकेदार यांना दोष देणे सोपे आहे. पण चौकीत, कार्यालयात त्या कंत्राटी पोरावर रोज हुकूम कोण चालवतो? मुकादम, लिपिक, निरीक्षक. यात आपली माणसे कमी नाहीत. आरक्षणामुळे, शिक्षणामुळे आलेली, घरात बाबासाहेबांचा फोटो असलेली, चौदा एप्रिलला वर्गणी देणारी माणसे. जड काम, घाण काम, सणाच्या दिवसाचे काम कंत्राटी माणसाच्या वाट्याला येते. काही ठिकाणी कायम कामगार घरी असतो आणि त्याच्या जागी दुसराच थोड्या पैशांवर राबतो. साहेबाच्या घरची भाजी, मुलाची शाळा, गाडी धुणे ही कामेही त्याच्याकडेच. तो नाही म्हणू शकत नाही. पुढच्या महिन्यात 'उद्यापासून येऊ नको' एवढे तोंडी सांगितले की त्याची नोकरी संपते, त्याला नोटीस लागत नाही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपल्याला पाठ असते. त्याच भाषणातला एक बारीक तपशील मात्र कमी सांगितला जातो. रेल्वेत अस्पृश्याला पोर्टर का करत नाहीत, याचे कारण त्यांनी दिले होते: पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामेही करावी लागत, आणि अस्पृश्याला घरात कोण घेणार? सरकारी पगारावरच्या माणसाकडून घरची कामे करून घेण्याची ही खोड इतकी जुनी आहे. तेव्हा तिच्यापायी आपल्याला नोकरी मिळत नव्हती. आज काही ठिकाणी ती आपणच लावून घेतली आहे.

कार्यालयांत आणखी एक प्रकार चालतो, त्याची चर्चा होत नाही. डेटा ऑपरेटर कंत्राटी असतो, पण काम अधिकाऱ्याच्या लॉगिनवर चालते. पासवर्ड त्याच्याकडे दिलेला असतो. लाभार्थ्यांच्या यादीत नाव घुसवा म्हटले तर तो घुसवतो, काढा म्हटले तर काढतो. चौकशी लागली की सही कोणाची हे कोणी पाहत नाही. 'कंत्राटी कर्मचाऱ्याची चूक' म्हणून त्याला काढून प्रकरण मिटवतात. कायम कर्मचाऱ्याला विभागीय चौकशीचे, आपली बाजू मांडण्याचे संरक्षण आहे. ज्याला संरक्षण नाही त्याच्या हातून गैरकाम करून घेणे ही दुहेरी अनीती आहे. साक्षीदार आणि बळीचा बकरा, दोन्ही तोच.

पैशाचा मार्ग तर सगळ्यांना माहीत आहे. बँक खात्यात पूर्ण किमान वेतन जमा होते, म्हणजे कागद स्वच्छ. मग एटीएम कार्ड ठेकेदाराच्या माणसाकडे, किंवा पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम रोख परत. कामगाराच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के कापलेले, खात्यात मात्र भरलेलेच नाहीत. आपण दर रविवारी विहारात अदिन्नादानाचे शील घेतो. न दिलेले घेणे म्हणजे फक्त खिसा कापणे नव्हे, हे समजायला फार अभ्यास लागत नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी तरुण गृहस्थाला मालकाची कर्तव्ये मोजून सांगितली आहेत: ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात सांभाळावे, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. आजच्या निविदेच्या अटींशी ही पाच कर्तव्ये ताडून पाहा. आजारपणाची आणि सुट्टीची अट कागदावर असते, पण तिचा पैसा कुठे जिरतो ते कोणी विचारत नाही.

जिवाचा प्रश्न यापुढचा. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणत्याही माणसाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामाला लावता येत नाही. 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द ठेकेदाराच्या आड लपणाऱ्यांसाठीच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी मृत्यूनंतर पहिली धडपड असते ती 'तो आमचा माणूस नव्हता' हे सिद्ध करण्याची. आणि कायम सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते, कंत्राटीच्या वारसाला ती दारे बंद. (सफाईची नोकरी वारशाने चालावी का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, इथे तो सोडून देते.)

मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांना यात पुष्कळ करता येईल. कित्येक संघटनांच्या घटनेत सदस्यत्व फक्त कायम कर्मचाऱ्यांना आहे. ते कलम बदलायला शासनाची परवानगी लागत नाही. कायम कामगारांची एक भीतीही असते, ती खोटी नाही: कंत्राटी वाढले तर उद्या आपल्या जागा जातील. पण जागा जातात त्या कंत्राटी माणूस स्वस्त आहे म्हणून. त्याला समान वेतन मिळाले तर त्याला आणण्यात कोणाचाही फायदा उरत नाही. म्हणून समान वेतनाची मागणी कायम कामगारांनी आधी करायला हवी.

वस्तीतल्या तरुणांना करता येण्यासारखे काम अगदी साधे आहे. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कंत्राटाची प्रत, कामगारांची यादी, वेतन पत्रक आणि भविष्य निधीची चलने मागता येतात. कंत्राट बनावट आहे हे पुढे न्यायाधिकरणात दाखवायचे तर रोजचे काम कोण सांगतो, रजा कोण देतो, ठेकेदार बदलले तरी माणसे तीच राहिली का, यांचे पुरावे लागतात. जुनी ओळखपत्रे, गेटपास, हजेरीचे फोटो, साहेबाने व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेले हुकूम हे सगळे जपून ठेवायला सांगा. प्रत्येकाचा यूएएन क्रमांक काढून भविष्य निधीचे पासबुक पाहा. कापलेली रक्कम भरलेली नसेल तर तिथेही मूळ नियोक्त्याला हात झटकता येत नाहीत. आणि आधार कार्ड, बँक खाते, मस्टर या तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने लिहिले आहे का, तेही तपासा. मुंबईत जिंकलेल्या माणसांनाही त्याच कारणाने पुन्हा रांगेत उभे राहावे लागले होते.