कान्हेरीचे अरण्य आणि विनयाची दृष्टी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी पाहण्यास आपले उपासक-उपासिका मोठ्या श्रद्धेने जातात. चैत्यगृहात वंदन होते, बुद्धमूर्ती पाहिल्या जातात. मात्र सभोवतालच्या अरण्याकडे बहुधा लक्ष जात नाही. आमच्या मते हे अरण्य विहाराचेच अंग होय.

शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘कण्हसेल’ असे येते. येथील शंभराहून अधिक लेण्यांत भिक्षुसंघ कित्येक शतके राहू शकला, तो पाण्याच्या योजनेमुळे. पावसाचे पाणी पाषाणात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरे. लेखांत या टाक्यांस ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या पोढीची नोंदही तेथे आहे. याच डोंगररांगांतील पाऊस पुढे तुळशी आणि विहार या तलावांत साठविला जाऊ लागला. विहार तलाव १८६० साली व तुळशी १८७९ साली पूर्ण झाला. मुंबईस आजही त्यांचे पाणी मिळते.

आता विनयाकडे वळू. पावसाळ्यात फिरणारे भिक्षू हिरवे तृण व सूक्ष्म जीव तुडवितात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावरून तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे महावग्ग सांगतो. वनस्पतींचा नाश करणे आणि जीवजंतू असलेले पाणी जाणूनबुजून ओतणे किंवा पिणे, ही पाचित्तिय आपत्ती मानली आहे. ‘भूतगाम’ या पालि शब्दात बीज, मूळ, खोड यांपासून वाढणारी सर्व वनस्पतिसृष्टी येते. संघाचा अरण्यवास अशा संयमावर उभा होता.

ही दृष्टी ठेवून कान्हेरी पाहावी. प्रथम पन्हळींचा माग काढीत टाक्यांपर्यंत जावे. मग साग, पळस, काटेसावर ओळखावे. कारवीचे झुडूप सुमारे आठ वर्षांनी एकदाच जांभळे फुलते आणि बी धरून मरते. तिची फुले तोडणारा पुढील पिढीचे बीजच तोडतो. माकडांस खाऊ घातल्याने ती माणसांच्या हातातील पिशव्यांवर झडप घालू लागतात, म्हणून ते दान ठरत नाही. बिबट्याच्या या वसतिस्थानात आपण पाहुणे आहोत. आवाज बेताचा असावा आणि सूर्यास्तापूर्वी परतावे.

लेण्यांच्या पायऱ्यांवर प्लास्टिक टाकून चैत्यास वंदन करणे हा वंदनेतीलच दोष आहे. पंचशीलातील पहिले शील आपण विहारात उच्चारतो. त्याचे आचरण या पायवाटांवरही घडावे.