बोरघाटाच्या पायथ्याशी कोसंबी

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागून जादा इंजिनं लागतात आणि मग ती बोरघाट चढू लागते. मार्क्सवादी इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी 1946 ते 1962 अशी सोळा वर्षं टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचं संशोधन करत होते. घर पुण्यात, काम मुंबईत, आणि येणं-जाणं डेक्कन क्वीननं. भांडवल कुठून जमतं आणि त्याचं ओझं कोण वाहतं, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. तो पायी फिरून तपासायचा असेल तर त्यांच्या रोजच्या वाटेवरचे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके पुरेसे आहेत.

सुरुवात 1946 पासून करू. नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’वर लिहिताना कोसंबींनी दाखवलं की युद्धकाळातल्या नफ्यावर पोसलेला भारतीय भांडवलदार वर्ग आता वयात आला आहे आणि स्वातंत्र्याची सूत्रं त्याच्या हाती जाणार आहेत. तीन वर्षांनी त्यांनी आपल्याच बाजूच्या माणसाला धारेवर धरलं. आदिम साम्यवादाकडून गुलामगिरीकडे असा भारताचा प्रवास मांडणारं कॉम्रेड डांग्यांचं पुस्तक 1949 मध्ये आलं. ग्रीस-रोमचा साचा उचलून भारतावर बसवणं हा मार्क्सवाद नव्हे, असं कोसंबींनी ठणकावलं. त्यांच्या लेखी मार्क्स म्हणजे पाठ करायची पोथी नव्हती, हाती धरायचं अवजार होतं.

1956 च्या त्यांच्या इतिहासग्रंथात हे अवजार चालताना दिसतं. राजांच्या याद्या बाजूला सारून त्यांनी नांगर, नाणी, घाटवाटा आणि वाटेवरच्या देवी पाहिल्या. कार्ल्यासारखी लेणी व्यापारी मार्गांलगत का आहेत, विहारांना दान कुणी दिलं, हे त्यांनी विचारलं. राजमाचीच्या पायथ्याचं, कर्जत तालुक्यातलं कोंडाणे लेणं याच नजरेनं पाहावं. तिथल्या ब्राह्मी लेखात कण्हाचा शिष्य बलक याचं नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचं नाव टिकलं. घाटातून माल वाहणाऱ्यांपैकी एकाचंही टिकलं नाही.

पुढचा थर इंग्रजी अमलातला. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती बांधताना साथींनी आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. 1915 मध्ये खोपोलीला आणि 1922 मध्ये भिवपुरीला टाटांची जलविद्युत केंद्रं उभी राहिली. घाटमाथ्यावरचं पाणी खाली कोसळलं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. माथेरानचे भाई कोतवाल याच परिसरातले. सावकाराच्या तावडीतून कुळं आणि आदिवासी सुटावेत म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, आणि 1942 मध्ये त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. साम्राज्याची नस कुठून जाते, हे ग्रंथांविनाही त्यांना नेमकं कळलं होतं.

ही नस जगभर कशी पसरली आहे, हे कोसंबींनी शीतयुद्धाच्या काळात सांगितलं. साम्राज्यवाद आणि शांतता यांवरचा त्यांचा लेख 1951 चा. अमेरिकी भांडवलाला युद्धाची तयारी का लागते, हे त्यात त्यांनी उलगडलं. जागतिक शांतता चळवळीत ते मनापासून उतरले. 1960 मध्ये पुण्यातल्या भाषणात त्यांनी महागड्या अणुऊर्जेपेक्षा आपल्याकडे भरपूर असलेल्या उन्हाकडे वळा, असं सांगितलं. ज्या संस्थेत अणुकार्यक्रमाचं बीज रुजलं, तिथंच नोकरी करताना हे बोलायला धैर्य लागतं. 1962 मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. रशिया आणि चीनकडे पाहताना त्यांची धारदार नजर नको तितकी मऊ झाली. समाजवादाच्या नावानं झालेल्या विकासाचं ओझंही तिथल्या खेड्यांवरच पडलं होतं. डांग्यांना त्यांनी विचारलेले प्रश्न मॉस्को-पेकिंगलाही तितक्याच कठोरपणे विचारायला हवे होते. पण हे म्हणायची हिंमत येते तीही त्यांनीच दिलेल्या कसोटीमुळे.

29 जून 1966 ला कोसंबी गेले. त्यानंतर या भागात द्रुतगती मार्ग आला, फार्महाउसं आली, नवी मुंबईची तहान भागवणारं मोरबे धरण आलं. त्या धरणाच्या वर, इर्शाळगडाच्या कुशीत ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण सापडलेच नाहीत. खाली महानगराला पुरेल एवढं पाणी अडलेलं होतं, आणि वाडीपर्यंत गाडी जाईल असा रस्ता नव्हता. मदतीला धावलेल्यांना चिखलातून डोंगर पायीच चढावा लागला.

भांडवलशाही असो की साम्यवाद, त्यावर बोलण्याआधी हा चढ आपल्या पायांनी चढून पाहावा, हीच कोसंबींची शिकवण आहे.