हळकुंड, संगणक आणि हरवणारी आठवण

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याच्या दिवशी फिरून आलं की हळदीचा वास कपड्यांबरोबर घरापर्यंत येतो. इथल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळकुंडं वर्षानुवर्षं टिकायची. त्यामुळे ‘हळदीत स्मृतिभ्रंशावर औषध सापडलं, संगणकानं सिद्ध केलं’ असा निरोप मोबाइलवर आला की या भागात तो लगेच खरा वाटतो. ज्या घरात आई पोटच्या मुलाला ओळखेनाशी झालीय, तिथं तर तो देवाचा कौल वाटतो. म्हणूनच त्यात खरं किती, हे नीट सांगायला हवं.

गैरसमज : संगणकानं सिद्ध केलं म्हणजे औषध सापडलं.

संगणक काय करतो ते आधी पाहू. मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो. आठवण, लक्ष या कामांत त्याचा वाटा मोठा. त्याला तोडणारं एक विकर आहे. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात निरोप्या आधीच कमी पडतो, म्हणून या विकराला अडवायचं, ही जुन्या औषधांची युक्ती. 1991 मध्ये शास्त्रज्ञांनी या विकराची त्रिमितीय रचना उलगडली, तीही एका विजेच्या माशातून काढलेल्या विकरावरून. त्यात एक खोल, अरुंद घळ दिसली. या घळीत कोणता रेणू नीट बसेल, हे संगणकावर हजारो रेणू एकेक करून बसवून पाहता येतं. त्याला डॉकिंग म्हणतात. कुलपात किल्ली घालून बघावी तसं. फक्त इथं कुलूपही थोडं हलतं आणि किल्लीही वाकते.

रेणूंची यादीही तयार आहे. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेनं 2018 मध्ये भारतीय औषधी वनस्पतींतल्या साडेनऊ हजारांवर रेणूंचा संग्रह खुला केला; पुढच्या आवृत्तीत तो अठरा हजारांच्या जवळ गेला. डॉकिंगचे प्रोग्राम फुकट मिळतात. साताऱ्या-सांगलीच्या फार्मसी कॉलेजातला विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर हा शोध करू शकतो, आणि ही मला मोलाची गोष्ट वाटते.

पण शेवटी हातात येतो तो एक अंदाजी गुण. रेणू घळीत बसेल असं तो सांगतो. गोळी गिळल्यावर तो आतड्यातून रक्तात येईल का, यकृत त्याचे तुकडे करील का, रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत तो ओलांडेल का, यातलं काहीच तो गुण सांगत नाही. काहींचा अंदाज दुसरे प्रोग्राम देतात, पण तोही अंदाजच. त्यानंतर परीक्षानळी, पेशी, प्राणी आणि मग माणसांवरच्या चाचण्या, अशी लांब वाट उरते. बहुतेक रेणू या वाटेवर गळतात.

गैरसमज : हळदीवर इतके शोधनिबंध आहेत, म्हणजे गुण असणारच.

हळदीतल्या कर्क्युमिनची गोष्ट यासाठी मुद्दाम वाचावी. वाणानुसार हळकुंडात ते साधारण 2 ते 6 टक्के असतं. प्रयोगशाळेत ते जवळपास प्रत्येक चाचणीत ‘हो’ म्हणतं. यातच गोम आहे. हा रेणू अस्थिर आहे, अनेक प्रथिनांना चिकटतो, चाचणीतल्या रंगप्रकाशाच्या मोजणीतही ढवळाढवळ करतो. म्हणून तो लागू पडत नाही तिथंही लागू पडल्यासारखा दिसतो. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी हा सगळा पसारा तपासून परखडपणे बजावलं. तोवर माणसांवरच्या 120 हून अधिक चाचण्या झाल्या होत्या. खऱ्या आणि लुटुपुटूच्या औषधाची काटेकोर तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी ठरलेली त्यांना दिसली नाही.

अल्झायमरच्या रुग्णांना 24 आठवडे रोज 2 किंवा 4 ग्रॅम कर्क्युमिन दिलेली अमेरिकेतली चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. फरक पडला नाही, आणि रक्तात ते उतरलं होतं अगदी नावापुरतं. 2018 च्या एका चाचणीत मात्र, रक्तात जास्त उतरेल अशा खास रूपात ते दिल्यावर, स्मृती सुधारल्याचं दिसलं. पण ते लोक फक्त 40, आणि त्यांच्यापैकी कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. यावर मोठी चाचणी व्हावी असं मला मनापासून वाटतं. ती होईपर्यंत दावा करू नये, असंही.

‘आपण हळद खातो म्हणून आपल्याकडे हा आजार नाही’ हेही खरं नाही. 2023 च्या देशव्यापी अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण तो ओळखतच नाही.

गैरसमज : मग वनस्पतींतून काही मिळतच नाही.

मिळतं. आज डॉक्टर अल्झायमरवर लिहून देतात ते गॅलँटामिन स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कंदातून आलं. अमेरिकेत त्याला 2001 मध्ये मान्यता मिळाली. रिव्हास्टिग्मिन या दुसऱ्या औषधाचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी शेंगेत आहे. ही दोन्ही औषधं आजार थांबवत नाहीत, लक्षणं काही काळ सावरतात.

आपल्याकडची अडचण नावापासून सुरू होते. ‘ब्राह्मी’ म्हटलं की कुणी पाणथळातली जलब्राह्मी आणतं, कुणी मंडूकपर्णी. दोन्हींतले मुख्य रेणू वेगळे. चुकीची वनस्पती यादीत गेली तर पुढचं सगळं गणित वाया. आणि एक भीतीही आहे. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कर्करोगावरच्या औषधाचा मूळ रेणू मिळतो हे कळलं, आणि डोंगरांतून त्याची बेसुमार तोड झाली. उद्या संगणकानं महाबळेश्वर-कोयनेच्या रानातल्या एखाद्या झाडाकडं बोट दाखवलं, तर त्याची लागवड कशी करायची हे आधी ठरलेलं असायला हवं.

गैरसमज : झाडपाल्याचं आहे, अपाय तर नाही ना.

भाजीतली हळद खुशाल खा. पण हळदीच्या नि अश्वगंधेच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर अधिकच सांभाळावं.

घरातलं माणूस विसरू लागलं तर पहिली फेरी डॉक्टरांकडे असावी. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही विसरायला होतं, आणि ते उपचारानं बऱ्याचदा सुधारतं. रक्तदाब, साखर आणि कमी ऐकू येणं यांकडेही लक्ष हवं. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत ही तिन्ही येतात. जाताना चालू गोळ्यांच्या पिशवीत काढ्याची बाटलीही घ्या, डॉक्टरांना ती दिसू द्या.