साखर उतरली, तरी इन्सुलिन चालूच

डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जीव धोक्यात येतो तो नुसत्या साखरेने नव्हे, रक्तात साठलेल्या किटोन आम्लांमुळेही. काही मधुमेहींना तर साखर २०० च्या आत असतानाही हा आजार गाठतो. म्हणून ग्लुकोमीटरवर ४५० चे २५० दिसले, की नातेवाईकांनी निःश्वास टाकावा, अशी स्थिती नसते; आम्ल उतरायला साखरेपेक्षा जास्त तास लागतात आणि किटोनची निर्मिती रोखते ते इन्सुलिनच. मग साखर फार खाली जाणार नाही का? जाऊ शकते, म्हणूनच सलाइनला डेक्स्ट्रोजची जोड देतात, इन्सुलिनचा वेग कमी करतात. बंद करत नाहीत. पोटॅशियम मात्र पुन्हा पुन्हा तपासावेच लागते, कारण इन्सुलिन ते पेशींत ओढते आणि हृदयाची लय बिघडू शकते. किटोन ०.६ मिलिमोलच्या खाली आणि पीएच किमान ७.३ झाला, की मगच किटोअ‍ॅसिडोसिस उतरला असे धरतात.