दोन विषयांत ‘ओ’ ग्रेड, तरी एसजीपीए ७.४ च कसा? बीएस्सीच्या मार्कशीटचं गणित

बीएस्सीचा निकाल लागतो. मार्कशीटवर दोन्ही प्रात्यक्षिकांत ‘ओ’, आणखी दोन विषयांत ‘ए’ आणि खाली एसजीपीए मात्र ७.४. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते, “विद्यापीठानं बेरीज चुकवली का?”

बहुतेक वेळा बेरीज बरोबरच असते. आपण सरासरी काढतो आणि विद्यापीठ क्रेडिट मोजतं, हा खरा फरक.

ग्रेड म्हणजे किती पॉइंट?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा पॉइंटांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५ आणि पी म्हणजे ४. एफ म्हणजे नापास, म्हणजेच शून्य. किती मार्कांना कोणती ग्रेड द्यायची हे मात्र प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. त्यामुळे मित्राच्या विद्यापीठातला ‘ए’ आणि तुमचा ‘ए’ सारख्याच मार्कांचा असेल असं नाही.

आता क्रेडिटचं बघू

आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे सेमिस्टरचं एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला मात्र एका क्रेडिटसाठी आठवड्याला दोन तास द्यावे लागतात. म्हणजे चार क्रेडिटच्या थिअरीला आठवड्याचे चार तास आणि दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकललाही चारच तास. वेळ सारखा, पण निकालातलं वजन निम्मं. बीएस्सीच्या विद्यार्थ्यांचा गोंधळ नेमका इथे होतो.

एक उदाहरण घेऊ

समजा सेमिस्टर २० क्रेडिटचं आहे. प्रत्येक विषयाचे पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट असं करायचं:

- भौतिकशास्त्र, ४ क्रेडिट, बी: २४
- रसायनशास्त्र, ४ क्रेडिट, बी प्लस: २८
- गणित, ४ क्रेडिट, बी: २४
- दोन प्रात्यक्षिकं, प्रत्येकी २ क्रेडिट, ओ: ४०
- भाषा आणि पर्यावरण, प्रत्येकी २ क्रेडिट, ए: ३२

बेरीज १४८. भागिले २०, म्हणजे एसजीपीए ७.४. सातही विषयांची साधी सरासरी काढली असती तर ७.८६ आली असती. तो फरक थिअरीच्या वजनानं खाल्ला.

एका मार्काची किंमत

समजा या विद्यापीठात ६० ते ६९ मार्कांना ‘ए’ आहे आणि रसायनशास्त्रात ५९ मिळालेत. एक मार्क जास्त पडला असता तर ७ ऐवजी ८ पॉइंट, बेरीज १५२ आणि एसजीपीए थेट ७.६. उलट ६० चे ६९ केले तर नऊ मार्क वाढूनही पॉइंट तेच, ८. म्हणून पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी आपण ग्रेडच्या सीमेपासून किती लांब आहोत, हे नक्की बघा.

इंटर्नलचे मार्कही इथेच उपयोगी पडतात. वर्षभरातल्या चाचण्या, असाइनमेंट, सेमिनार यांचे मार्क लेखी परीक्षेत मिळवले जातात. अनेक विद्यापीठांत इंटर्नल आणि लेखी या दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. प्रॅक्टिकलचं जर्नल सर्टिफाय नसेल तर अनेक कॉलेजांत परीक्षेलाच बसू देत नाहीत.

“दोनच क्रेडिटचा विषय आहे, राहू दे”

वरच्या उदाहरणात दोन क्रेडिटच्या भाषेत एफ आला, तर १६ पॉइंट जातात. ७.४ चा थेट ६.६ होतो. शिवाय ते क्रेडिट जमा होत नाहीत. तीन वर्षांच्या पदवीसाठी आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात किमान १२० क्रेडिट लागतात. एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात जाता येतं, पण तो विषय सुटल्याशिवाय पदवी हातात येत नाही.

टक्केवारी काढताना सगळ्यात जास्त होणारी चूक

सगळ्या सेमिस्टरचे एसजीपीए त्यांच्या क्रेडिटच्या वजनानं एकत्र केले की सीजीपीए मिळतो. नोकरीच्या फॉर्ममध्ये टक्के विचारले की अनेकजण त्याला ९.५ नं गुणून मोकळे होतात. पण ९.५ चा आकडा सीबीएसईनं दहावीच्या निकालासाठी दिला होता. तो तुमच्या पदवीला लागू होईलच असं नाही. अभियांत्रिकीसाठी एआयसीटीईच्या कोष्टकात ६.२५ म्हणजे ५५ टक्के. ९.५ नं गुणलं तर हेच ५९ च्या वर जातं. पात्रतेची अट ५५ किंवा ६० टक्क्यांची असेल, तर एवढ्या फरकानं कागदपत्र पडताळणीत अर्ज बाद होऊ शकतो.

तुमच्या विद्यापीठाचं सूत्र बहुतेक वेळा मार्कशीटच्या मागे छापलेलं असतं. नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या आणि फॉर्म भरताना तोच आकडा लिहा.