यात्रेत शेजारच्या दुकानदाराकडून शिका!

वाशिम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र. रामनवमीच्या यात्रेला तेलंगणा, कर्नाटकातूनही भाविक येतात. बैलांच्या तांड्यांवरून मीठ-धान्याचा व्यापार करणाऱ्यांचे हे वारस!

समजा, तुम्ही तिथे कशिद्याच्या पिशव्यांचं दुकान लावलंय. माल उधारीवर भरलाय, म्हणजे अंदाज चुकला तर कर्ज डोक्यावर. मग नुसतं गल्ल्यावर बसू नका. शेजारच्याला तीन प्रश्न विचारा: आरसे-कवड्या कुठून आणता? आधी काय संपतं? उरलेल्या मालाचं काय करता?

पण आधी स्वतःचा एक अनुभव सांगा. समोरचाही मोकळा होईल. मेळावा, बैठक कुठलीही असो, हेच करा. उत्तरं वहीत लिहा आणि पुढचा माल भरण्याआधी ती वही उघडा.