पिंपाच्या तळाशी उरतं त्याचं काय होतं

कोलकात्याच्या बालीगंजमध्ये कच्च्या तेलाची दोन टोकं एकाच रस्त्यावर दिसतात. गरियाहाटच्या चौकातून डिझेलवर चालणाऱ्या बस जातात, आजूबाजूच्या स्वयंपाकघरांत सिलिंडरचा गॅस पेटलेला असतो. हे हलकं टोक. बसच्या चाकांखालचं डांबर हे जड टोक. या भागाला सगळ्यात जवळचा तेलशुद्धीकरण कारखाना म्हणजे हुगळी आणि हल्दी नद्यांच्या संगमाजवळची इंडियन ऑइलची हल्दिया रिफायनरी. रस्त्यानं ती सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. १९७५ साली ती सुरू झाली, आणि तिथलं पेट्रोल-डिझेल भूमिगत नळानं हावड्याजवळच्या मौरिग्रामपर्यंत येतं.

हल्दियात पिंपाच्या तळाशी उरणाऱ्या जड भागाचं वर्षानुवर्षं डांबर, वंगणतेल आणि भट्ट्या-बॉयलरमध्ये जाळायचं फर्नेस ऑइल होत असे. आता तिथे डिलेड कोकर उभा आहे. असे कोकर देशात अनेक ठिकाणी आहेत: गुवाहाटी, बरौनी, पानिपत, पारादीप, बीना, मंगळूर, जामनगर. त्यांचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पिंपातल्या सगळ्यात नकोशा भागातून डिझेल काढण्याचं काम तिथे चालतं, आणि त्याची किंमतही तिथेच मोजावी लागते.

आधी हा तळ येतो कुठून ते पाहू. कच्चं तेल तापवून त्याची वाफ उंच मनोऱ्यात सोडतात. वर जाताना ती वेगवेगळ्या पातळ्यांवर थंड होते आणि नॅफ्था, रॉकेल, डिझेल वेगळं होतं. ३५०-३७० अंश सेल्सिअसच्या पुढे मात्र जड तेल नुसतं उकळत नाही, त्याचे रेणू फुटायला लागतात. म्हणून उरलेलं तेल दुसऱ्या, जवळजवळ निर्वात मनोऱ्यात नेतात. दाब कमी असल्यानं तिथे कमी तापमानातही वाफ होते. त्यातूनही जो भाग वर जात नाही तो व्हॅक्युम रेसिड्यू, म्हणजे गाळ. थंड झाला की तो दगडाइतका घट्ट होतो. जड आखाती तेलात त्याचं प्रमाण पाव हिश्शाच्याही वर जाऊ शकतं.

या गाळाचं दुखणं हायड्रोजनचं आहे. पेट्रोल-डिझेलमध्ये वजनानं १३-१४ टक्के हायड्रोजन असतो, गाळात दहाच्या आसपास. तो डिझेलच्या पातळीला आणायचा तर एकतर बाहेरून हायड्रोजन घालायचा, नाहीतर आतला जादा कार्बन काढून टाकायचा. पहिला मार्ग महाग. त्याला प्रचंड दाब आणि उत्प्रेरक लागतात, आणि गाळातले निकेल-व्हॅनेडियम हे धातू त्या उत्प्रेरकांना मारतात. कोकर दुसरा मार्ग घेतो. त्याला उत्प्रेरक लागतच नाही; उष्णता आणि वेळ, एवढंच त्याचं भांडवल.

गाळ प्रथम कोकरच्या स्वतःच्या ऊर्ध्वपातन मनोऱ्याच्या बुडाशी येतो आणि तिथून पंपानं भट्टीत जातो. भट्टीच्या नळ्यांत त्याचं तापमान पाचशे अंशांच्या जवळपास चढतं. या तापमानाला रेणू फुटणं आणि कोक, म्हणजे कार्बनचा घट्ट थर, धरणं दोन्ही सुरू होतं, आणि कोक नळीतच धरला तर भट्टी बंद पडते. खवा करताना दूध बुडाला लागू नये म्हणून आपण उलथनं थांबू देत नाही. भट्टीत ते काम वेग करतो. नळीत थोडी वाफ सोडून गाळ इतक्या वेगानं पळवतात की कोक धरायला त्याला सवडच मिळत नाही. प्रतिक्रिया अशी पुढे ढकलली जाते, तिथूनच 'डिलेड' हे नाव आलं. तरीही काही महिन्यांत नळ्यांच्या आत थर बसतोच, आणि तो काढण्यासाठी भट्टी अधूनमधून थांबवावी लागते.

तापलेला गाळ मग कोक ड्रममध्ये शिरतो. ड्रम म्हणजे दहा मजली इमारतीएवढं उभं पोलादी भांडं, खाली निमुळतं. इथे घाई नसते. मोठे रेणू तुटतात. हलके तुकडे वाफ होऊन वरच्या तोंडातून मनोऱ्याकडे परत जातात आणि तिथे गॅस, नॅफ्था, डिझेल, गॅस ऑइल असे वेगळे होतात. हायड्रोजन गमावलेले अवजड तुकडे एकमेकांना जोडले जाऊन घट्ट कोक बनतो आणि ड्रम तळापासून भरत जातो. रेणू तुटताना उष्णता शोषली जाते, म्हणून वरून निघणारी वाफ आत आलेल्या गाळापेक्षा पन्नास-साठ अंशांनी थंड असते. कोकच्या माथ्यावर फेस उठतो. तो वाफेच्या नळात गेला तर मोठी पंचाईत. म्हणून सिलिकोनचं फेसनाशक सोडतात, आणि जाड पोलादापलीकडची पातळी गॅमा किरणांच्या यंत्रानं पाहतात.

रिफायनरीतलं बाकी सगळं अखंड वाहतं. ड्रम मात्र भरतो आणि रिकामा करावा लागतो. म्हणून ड्रम जोडीनं असतात. सोळा-अठरा तासांत, कुठे त्याहून लवकर, एक भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवतात. भरलेल्या ड्रममधून आधी वाफ सोडून अडकलेलं तेल काढून घेतात, मग सावकाश पाणी सोडून कोक निववतात, पाणी काढून टाकतात आणि ड्रमची वरची-खालची तोंडं उघडतात. पूर्वी काही ठिकाणी रिकाम्या ड्रममध्ये आधीच पोलादी दोर गुंडाळून ठेवत आणि कोक धरला की तो विंचनं ओढून कोक फोडत. आता वरून लांब दांडा उतरतो, त्याच्या टोकातून दोन-तीनशे बार दाबाची पाण्याची धार सुटते. आधी मधोमध आरपार भोक पाडायचं, मग दांडा फिरवत बाजूचा कोक कापायचा. तो खालच्या खड्ड्यात कोसळतो. मग ड्रम बंद करून, गळती तपासून, दुसऱ्या ड्रमच्या वाफेनं हळूहळू तापवून पुन्हा कामाला लावतात.

या क्रमातली सगळ्यात धोक्याची घडी म्हणजे तोंड उघडण्याची. कोकमध्ये पाणी सगळीकडे सारखं झिरपत नाही; आत गरम कप्पे राहू शकतात. नोव्हेंबर १९९८मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या अॅनाकॉर्टिस इथे वादळानं वीज गेली आणि कोकर मध्येच बंद पडला. पुरेसा निवला आहे असं समजून ड्रम उघडला, तेव्हा आतलं गरम जड तेल बाहेर येऊन पेटलं. सहा कामगार गेले. आज तळाचं झाकण दुरून सरकवण्याच्या व्हॉल्व्हनं उघडतात, आणि माझ्या मते कोकरमधली सर्वांत मोलाची सुधारणा तीच आहे. त्यामुळे डिझेलचा एक थेंबही वाढत नाही, पण माणूस झाकणापासून दूर राहतो.

आत गेलेल्या गाळाच्या साधारण पंचवीस ते तीस टक्के वजनाचा कोक होतो. गाळातले जवळजवळ सगळे धातू आणि गंधकाचा मोठा हिस्सा त्याच्यासोबत जातो. म्हणजे कोक कसा निघणार, ते मुळात तेल कसं होतं यावर ठरतं. आसामच्या कमी गंधकाच्या तेलातून सच्छिद्र, स्वच्छ कोक मिळतो. तो बाराशे अंशांच्या वर भाजला की अॅल्युमिनियम कारखान्यांचे अॅनोड त्यापासून बनतात. एक टन अॅल्युमिनियममागे चारशे किलोच्या वर कार्बन खर्च होतो. हे भाजण्याचं काम गोव्यात सां जुझे द आरियाल इथे धेंपो समूहाची गोवा कार्बन करते. पारादीप आणि बिलासपूरलाही तिचे कारखाने आहेत. कोलकात्याच्या ग्राफाइट इंडियाचा कोक विभाग बरौनीला आहे, तर पोलादाच्या विद्युत भट्ट्यांसाठीचे इलेक्ट्रोड ती दुर्गापूर आणि आपल्या नाशिकमध्ये बनवते. त्या इलेक्ट्रोडना लागणारा नीडल कोक वेगळा. साध्या गाळातून तो होत नाही.

गंधकयुक्त जड तेलाचा कोक मात्र मुख्यतः जाळला जातो. १ जानेवारी २०२०पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली, त्यामुळे जड फर्नेस ऑइलची मोठी बाजारपेठ आटली आणि कोकरचं महत्त्व आणखी वाढलं. पण जहाजाच्या धुराड्यातून हटवलेलं गंधक कोकमध्ये बसून जमिनीवर आलं, तर आपण काय मिळवलं? सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१७मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात पेट कोक (म्हणजे हाच कोक) नि फर्नेस ऑइलच्या वापरावर बंदी घातली, आणि वर्षअखेर सिमेंट उद्योगाला सूट दिली. २०१८मध्ये इंधन म्हणून आयातीवरही निर्बंध आले. सिमेंटची सूट मला रास्त वाटते: तिथल्या भट्टीत चुनखडी असतेच, ती गंधक धरून ठेवते आणि ते क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या गोळ्यांत, जातं. वीटभट्टीत किंवा लहान बॉयलरमध्ये तशी सोय नसते. तिथे ते थेट शेजारच्या वस्तीच्या हवेत जातं, आणि हा कोक तिथवर पोचूच नये यासाठी तो विकणाऱ्यालाही जबाबदार धरलं पाहिजे.